अडत कोण देतो?

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी जेवण झालं की मी अर्धा तास आडवा होतो. (बत्तीस वर्षं वर्गात उभं राहून काढली, त्याची ही भरपाई, असं मी सांगतो. सौ.ला ते पटत नाही.) त्या दिवशी डोळा लागता लागता माजघरातून तिचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत होती. अकोल्याची बहीण असेल म्हणून मी कूस बदलली. पण शब्द कानावर पडले आणि झोप उडाली.

"रात्री कूस बदलली तरी कळ येते. जिन्याच्या तीन पायऱ्या चढल्या का थांबा लागते. देवाजवळ मांडी घालून बसनं तर दोन वर्सांपासून बंदच झालं..."

दोन वर्षांपासून? मी उठून बसलो. एकाच घरात राहतो आम्ही, एकाच ताटलीतली सुपारी खातो. ती पूजा करताना खुर्चीवर बसते हे मी रोज बघत होतो. पण का बसते, हे कधी विचारलं नव्हतं.

पलीकडून एका बाईच्या मऊ आवाजात उत्तर आलं, अगदी पुस्तकी मराठीत. तुम्हाला किती त्रास होत असेल हे मी समजू शकते, मी तुम्हाला मदत करते, असं काहीसं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सौ. फोनमधल्या एआय मदतनिसाशी बोलत होती.

दिवाळीत पुण्याहून नात आली होती, तिने हे शिकवलं. टाइप करायची गरज नाही, बोललं की झालं, आणि मराठी कळतं. आधी अनारशाचं प्रमाण विचारून झालं, मग एकादशी कधी आहे ते, मग भाचीच्या बाळाला कोणता रंग चांगला. तिथून खरेदी फार लांब नव्हती.

पाचव्या दिवशी दारात खोकं आलं. आत बुटांसारखं काहीतरी होतं, त्यात पाय घालायचे, बटण दाबलं की ते पाय दाबतं. किंमत पाच हजार आठशे. पैसे दारात द्यायचे होते. कपाटातल्या डब्यातून तिने साठवलेले काढून दिले, मला मागितले नाहीत.

मी विचारलं, "अगं, मला का नाही सांगितलं?"

"तुमाले सांगून काय होते? तुम्ही म्हनसान, वय झालं आता. तिनं निदान आयकून तरी घेतलं."

यावर काय बोलणार? मी खरंच तसं म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी खोक्यावरचा कागद घेऊन मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता, आता माझ्यापेक्षा भरभर हिशोब करतो. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "सर, असं मशीन माझ्याकडेही येतं. पण काकूंना मी नसतं दिलं. आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा, एक्स-रे काढा. नुसतं दाबून काय होणार?"

विकायची वस्तू त्याच्या दुकानात होती आणि तो घेऊ नका म्हणत होता. उद्या संध्याकाळी मी त्याच्या दुकानासमोरूनच फिरायला जाणार आहे, हे त्याला ठाऊक होतं.

याचा अर्थ जुने दुकानदार सगळे संत होते असं नाही हं. माझ्या लहानपणी आमच्या गावात एका किराणा दुकानात तराजूच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला असायचा. पण गावाला तो गोळा माहीत होता. बायका म्हणायच्या, "पारडं उलटं करून दाखव." त्याला दाखवावं लागायचं.

असो. आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम रोज करा, वजन थोडं उतरवा, मग पाहू, म्हणाले. मशीनबद्दल विचारलं तर हसले. बरं वाटेल, पण झीज भरून येणार नाही. मशीन परत पाठवलं. पैसेही आले, उगाच कशाला खोटं बोलू? पैशाची तक्रार नाही माझी.

माझ्या मनात वेगळंच घोळत होतं. रात्री नातीला फोन लावला. ती एका ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीत जाहिरातीचं काम करते. तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो.

पूर्वी माणूस शोधताना दोन शब्द लिहायचा, "गुडघा मशीन". त्यावरून दुकानाला फारसं काही कळायचं नाही. आता माणूस गोष्ट सांगतो. रात्री कधी दुखतं, जिना किती पायऱ्यांचा, देवाजवळ बसता येत नाही, मुलं बाहेरगावी आहेत. विकणाऱ्याच्या दृष्टीने हे सोनं. २०२३ मध्ये फ्लिपकार्टने फ्लिप्पी नावाचा मदतनीस आणला, ऑगस्ट २०२४ मध्ये ॲमेझॉनने आपला रूफस भारतात आणला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत चॅटजीपीटीत बोलता बोलता वस्तू विकत घ्यायची सोय सुरू झाली. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे रेझरपे आणि एनपीसीआय (यूपीआय चालवणारी ती हीच संस्था) यांना बरोबर घेऊन तसाच प्रयोग जाहीर झाला, बिगबास्केटमधून किराणा घ्यायचा. म्हणजे विचारणं, निवडणं आणि पैसे देणं, सगळं एकाच गप्पेत.

"आणि आजोबा," ती म्हणाली, "आम्ही वस्तूची माहिती आता फक्त माणसांसाठी लिहीत नाही. मदतनिसाला ती नीट वाचता यावी, त्याने आमचं नाव पुढे करावं, अशी लिहितो. गिऱ्हाईकाला पटवण्याआधी त्यालाच पटवावं लागतं."

फोन ठेवला आणि मला एकदम वडिलांची आठवण आली.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडिलांबरोबर बैलबाजारात गेलो होतो. तिथे दोन माणसं समोरासमोर उभी राहत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत. तोंडाने शब्द नाही. शेजारी उभ्या माणसाला कळायचं नाही की सौदा किती रुपयांचा झाला. याला हत्ता म्हणत. एक दलाल वडिलांशी फार गोड बोलत होता. दादा, तुमच्यासाठी म्हणून सांगतो, असं त्याचं चाललं होतं. मला तो माणूस खूप आवडला. घरी येताना मी तसं म्हणालो, तर वडील म्हणाले,

"मानूस गोड बोलते का कडू, ते पाहू नको. त्याले अडत कोन देते, ते पाह्य."

वडील चौथी शिकलेले. माझी बी.ए.ची सगळी पुस्तकं एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला.

रुमालाखालचा हा सौदा धान्य-कापसाच्या बाजारांतही चालायचा. शेतकरी बाजूला उभा आणि त्याच्या मालाचा भाव दोन हातांत ठरतो आहे. तो मोडायला उघडा लिलाव आणावा लागला, कायदे करावे लागले. आपल्या जिल्ह्याला याचा विशेष अभिमान वाटायला हवा, कारण शेतमाल विक्रीच्या पुस्तकांतून देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून जे नाव येतं ते आपल्या कारंज्याचं. साल १८८६. तेव्हा वऱ्हाड निजामाचा, पण कारभार इंग्रजांकडे, म्हणून हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने हा कापूस बाजार नियमाखाली आला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. वर्गात हे सांगताना मी मुलांना एक प्रश्न विचारायचो: इंग्रजांना आपल्या शेतकऱ्याचा एवढा कळवळा का आला? एखादा हुशार मुलगा बरोबर उत्तर द्यायचा. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात हवा होता म्हणून! बाजार सुधारला हे खरं, शेतकऱ्याचाही त्यात थोडा फायदा झाला हेही खरं. पण सुधारणा कुणासाठी होती, तेही लक्षात ठेवायचं.

आणि अडतीचा प्रश्न तर किती चिवट! माल विकणारा अडत्या शेतकऱ्याच्या वतीने उभा, म्हणून अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. एवढा गोंधळ का झाला? कारण अडत कुणी द्यायची यावर सगळा बाजार उभा असतो.

आता पुन्हा आमच्या माजघरात येऊ.

पूर्वी जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेली असायची. मलाही तीच दिसायची, तहसीलदारालाही तीच आणि हमालालाही तीच. खोटी असली तर सगळे मिळून हसायचो. रेडिओवरची जाहिरात अख्खी आळी ऐकायची. ती आपल्याला काहीतरी विकायला आली आहे हे शेंबड्या पोरालाही कळायचं. सौ.ला जी ऐकू आली ती जाहिरात तिच्या एकटीसाठी होती. तिच्याच दुखण्याच्या शब्दांत, तिच्याच भाषेत, दुपारच्या शांत वेळी. शेजारी झोपलेल्या नवऱ्यालाही ती ऐकू येणार नव्हती. ऐकू आली तो योगायोग. उघड्या लिलावातून सौदा पुन्हा रुमालाखाली गेला, असं मला वाटतं. आणि यात अडत गिऱ्हाईक देत नाही, म्हणून गिऱ्हाईकाला वाटतं की अडतच नाही.

नियम नाहीत असं नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसवाफसवीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. जाहिरात आहे हे लपवून केलेली जाहिरात हा त्यातलाच एक. खोटी घाई करणं हा दुसरा. तक्रारीसाठी १९१५ हा फोन नंबर आहे, लिहून ठेवा. पण आमच्या बाबतीत लपवलं होतं असं म्हणता येईल का? नातीने स्क्रीनचा फोटो मागवून दाखवलं, मशीनच्या चित्राखाली बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं होतं. सौ.चा चष्मा तेव्हा ओट्यावर होता. शिवाय ती वाचत नव्हती, ऐकत होती.

मग मी मास्तरकी केली. आम्ही दोघं फोन घेऊन बसलो आणि त्याच मदतनिसाला विचारलं, "हे मशीन घेऊ नये याची कारणं सांग." आणि काय सांगू, त्याने छान यादी दिली! आधी डॉक्टरांना दाखवा, पायात रक्ताची गाठ असेल तर वापरू नका, झिजेवर हा इलाज नाही, व्यायामाने जास्त फरक पडतो. जवळजवळ अकोल्याचे डॉक्टरच बोलले. सौ. थक्क. "मंग पयलेच काऊन नाही सांगितलं यानं?"

कारण आपण विचारलं नव्हतं. हुशार आहे, पाठांतर दांडगं आहे, मराठी चांगली आहे. ज्यांची मुलं लांब आहेत, इंग्रजी येत नाही, अशा माणसांना याचा मोठा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. परवा मीच त्याच्याकडून पाण्याच्या मोटारीच्या वॉरंटीचा बारीक मजकूर समजून घेतला. पण तो आपल्या बाजूने उभा आहे की दुकानाच्या, हे त्याच्या आवाजावरून कळत नाही. आवाज दोन्हीकडे तसाच मऊ. म्हणून आमच्या घरी आता नियम केला आहे. पाचशे रुपयांच्या वर काहीही घ्यायचं असलं की आधी न घेण्याची कारणं विचारायची, आणि एका जित्या माणसालाही विचारायचं.

हा झाला खरेदीचा नियम. पण मला खरी शिक्षा मिळाली ती दुसऱ्याच विषयात. त्या यंत्राने असं काय केलं जे मला जमलं नाही? "कुठे दुखतं?" एवढंच विचारलं. आणि मग गप्प राहून ऐकलं. ज्या घरात कुणी विचारत नाही, तिथे विकणाऱ्याला आत यायला दार आपणच उघडं ठेवतो.

आता रोज सकाळी ओसरीवर सौ.चे व्यायाम चालतात. पाय सरळ करून वीस वेळा उचलायचा, मी आकडे मोजतो. मध्येच अठरानंतर वीस म्हणतो, ती लगेच पकडते. परवा रात्री उशिरा हाक आली, "अहो, झोपले का? आज डावा जास्त दुखून राह्यला." मी दिवा लावला आणि उठून बसलो.

जाता जाता, आमच्या नातेवाइकांपैकी जे हे वाचतील त्यांना एक विनंती. सौ.ला फोन कराल तेव्हा मशीनबद्दल विचारू नका, तिला लाज वाटते. गुडघ्याबद्दल विचारा.