उंबरठ्यावरचें एडिसन

न्यू यॉर्क शहरांतून आगगाडीनें नैर्ऋत्येकडे निघालें म्हणजे सुमारें पाऊण तासानें मेट्रोपार्क नांवाचें स्टेशन लागतें. तेथून जवळच न्यू जर्सी राज्यांतील एडिसन हें गांव आहे. गांव म्हणावयाचें तें रिवाजानें. वस्ती लाखाच्या वर आहे. थॉमस एडिसन यानें १८७६ सालीं येथील मेन्लो पार्क भागांत आपली प्रयोगशाळा थाटली आणि १८७९ सालीं त्याचा विजेचा दिवा येथेंच पेटला. त्या जागीं आतां सुमारें १३० फूट उंचीचा मनोरा असून त्याच्या माथ्यावर कांचेचा एक प्रचंड दिवा बसविलेला आहे. पूर्वीं या गांवास रॅरिटन टाउनशिप म्हणत. १९५४ सालीं तें नांव जाऊन एडिसनचें नांव आलें.

मी माझ्या पुतण्याकडे आषाढांत येथें आलों, तो भाद्रपद संपेपर्यंत राहिलों. रोज सायंकाळीं ओक ट्री रोड नांवाच्या रस्त्यानें फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ असे. या रस्त्यावर लुगड्यांचीं दुकानें आहेत, सराफ आहेत, मिठाईवाले आहेत. वाणसामानाच्या दुकानांत पोहे, आमसुलें, भाजणी, कढीलिंब सर्व कांहीं मिळतें. तेलुगु, गुजराती, पंजाबी यांच्या जोडीला मराठीही कानीं पडते. नवख्या पाहुण्यास वाटावें कीं हे लोक येथें कायमचे रुजले. मलाही पहिल्या आठवड्यांत तसेंच वाटत होतें. परंतु जसजशी घरोघर ओळख होऊं लागली, तसतसें दिसून आलें कीं यांतील कित्येक कुटुंबें दहा-दहा, बारा-बारा वर्षें या देशाच्या उंबरठ्यावर उभीं आहेत. धड आंत नाहींत आणि धड बाहेरही नाहींत.

ही व्यवस्था समजून घेण्यास मला चार संध्याकाळी लागल्या. कायमच्या वास्तव्याचा परवाना, ज्याला सर्वजण ‘ग्रीन कार्ड’ म्हणतात, तो नोकरीच्या आधारें मिळवावयाचा तर सामान्यतः तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रथम मालकानें मजूरखात्यास पटवून द्यावयाचें कीं, या जागेसाठीं लायक व राजी असा स्थानिक मनुष्य मिळाला नाहीं. मग त्या नोकरासाठीं सरकारकडे अर्ज करावयाचा. आणि शेवटीं, पाळी आल्यावर, उमेदवारानें स्वतःचा व कुटुंबाचा अर्ज द्यावयाचा. सारें अडतें तें या तिसऱ्या पायरीपाशीं. १९९० सालच्या कायद्यानें अशा परवान्यांची वर्षाची संख्या सुमारें १,४०,००० ठरवून दिली. तींत बायकामुलेंही मोजलीं जातात. शिवाय कोणत्याही एका देशांत जन्मलेल्यांस सामान्यतः शेंकडा ७ हून अधिक वांटा मिळत नाहीं. आइसलंडसारख्या चिमुकल्या देशास जी मर्यादा, तीच आपल्या खंडप्राय देशास! साहजिकच आपली रांग लांबत गेली आहे.

रांग कोठवर सरकली हें सांगणारें एक पत्रक परराष्ट्रखातें दरमहा काढतें. पहिला अर्ज ज्या दिवशीं दाखल झाला ती उमेदवाराची तारीख. पत्रकांतील तारीख तिच्या पुढें गेली म्हणजे पाळी आली. २०२५ सालच्या पत्रकांत आपल्याकडील बहुतेक पदवीधर नोकरवर्गासाठीं ही तारीख २०१२-१३ च्या आसपास रेंगाळत होती. माझ्या पुतण्याची तारीख २०१५ सालची. पत्रक कधीं महिनाभर पुढें सरकतें, कधीं जागचें हलत नाहीं, आणि कधीं चक्क मागें येतें. सरकारी वर्ष ऑक्टोबरांत उघडतें, म्हणून नवरात्राच्या सुमारास घरोघर आशा वाढते. श्रावण-भाद्रपदांत वर्षाचा वांटा सरत आलेला असल्यामुळें सारे गप्प असतात. पंचांगांत मुहूर्त पाहावा तसें हें पत्रक या घरांतून पाहिलें जातें.

येथवर कोणी म्हणेल, परवाना उशिरानें मिळाला तर बिघडलें काय? नोकरी आहे, घर आहे, मुलांच्या शाळा आहेत. पण खरी मेख पुढेंच आहे, आणि ती आपल्याकडील वडील मंडळींस बहुधा ठाऊक नसते. या देशांत राहण्याची परवानगी आणि या देशाच्या दारांतून आंत येण्याची परवानगी या दोन अगदीं भिन्न वस्तु आहेत. नोकरीवर आलेल्या माणसास राहण्याची मुदत एकंदर सहा वर्षांची. पण २००० सालच्या एका कायद्यामुळें, रांगेंत असणारांस ती पुनःपुन्हां वाढवून मिळते. पासपोर्टावरील व्हिसाचा शिक्का मात्र निराळा. त्याची मुदत संपली तरी मनुष्य बेकायदा ठरत नाहीं. परंतु एकदां स्वदेशीं गेलें कीं नवा शिक्का मिळाल्यावांचून परतण्याची सोय नाहीं. आणि तो शिक्का अमेरिकेच्या आंत मिळत नाहीं. २००४ सालापर्यंत तो टपालानें येथल्या येथें मिळत असे. त्या सालीं ती सोय बंद झाली. २०२४ च्या आरंभीं थोडक्या लोकांपुरता तसा प्रयोग झाला, तो कांहीं महिन्यांतच आटोपला.

आमच्या घरीं या शिक्क्याचा अर्थ कळला तो माझे थोरले बंधु सांगलीस वारले तेव्हां. पुतण्याचा शिक्का संपून दोन वर्षें झालीं होतीं. सांगलीस येणें दोन दिवसांचें काम. परत जाणें किती दिवसांचें, हें कोणासही सांगतां येईना. रजा उलटली तर नोकरी जाण्याची भीति. नोकरी गेली तर बहुधा साठ दिवसांत दुसरी मिळवावी लागते, आणि न मिळाली तर घरच्या चौघांपैकीं तिघांचें वास्तव्यच संपतें. तो आला नाहीं. अग्नि मीं दिला. दिवस चालले होते तेव्हां तो रात्रीं जागून फोनच्या पडद्यासमोर ताम्हन-पळी घेऊन बसे. इकडे गुरुजी ‘पाणी सोडा’ म्हणत, तेव्हां तिकडे तोही सोडी. ‘एकुलता एक मुलगा, पण आला नाहीं’ ही कुजबूज तेराव्याच्या पंगतींत झाली, आणि वहिनींनीं ती ऐकली.

या रांगेचें दुसरें टोंक आपल्या मुंबईस आहे. पूर्वीं अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीला लिंकन हाउस या जुन्या राजवाड्यांत होती. २०११ सालीं ती वांद्रे-कुर्ला संकुलांत गेली. आधीं एके ठिकाणीं बोटांचे ठसे द्यावयाचे, मग ठरल्या दिवशीं मुलाखत. सकाळच्या वेळीं तेथें गेलें तर पारदर्शक पाकिटांत कागद सांभाळीत उभे असलेले लोक दिसतात: नवपरिणीत मुलगी, नातवास भेटावयास निघालेले आजीआजोबा, आणि त्यांतच, दहा वर्षें तिकडे संसार केलेला एखादा गृहस्थ. मुलाखत कधीं पांच मिनिटांत आटोपते. पासपोर्ट ठेवून घेतला जातो आणि शिक्का होऊन परत येतो. कधीं मात्र अधिक चौकशीसाठीं प्रकरण थांबतें, आणि त्यास किती दिवस लागतील याची शाश्वति नसते. २०२५ च्या डिसेंबरांत अशा नोकरवर्गाच्या कित्येक मुलाखती महिनोन्महिने पुढें ढकलल्या गेल्या, आणि लग्नकार्यासाठीं चार आठवडे आलेले लोक माहेरीं-सासरीं अडकून पडले.

पुतण्याच्या घरीं एका छपराखालीं निरनिराळ्या प्रकारचीं माणसें राहतात. तो स्वतः नोकरीच्या परवान्यावर. सूनबाई त्याच्या आधारावर, तिला नोकरी करण्याची मुभा २०१५ सालच्या एका नियमामुळें मिळाली. धाकटा मुलगा येथेंच जन्मला म्हणून जन्मतः नागरिक. आणि थोरली मुलगी पुण्यांत जन्मलेली, दोन वर्षांची असतांना आलेली. ती आतां अठरा वर्षांची आहे. एकवीस पूर्ण झालीं कीं कायद्यानें ती या कुटुंबाच्या अर्जांतील ‘मूल’ राहत नाहीं. २००२ सालच्या कायद्यानें या मोजणींत थोडी सवलत दिली आहे. पण एवढ्या लांब रांगेस ती पुरत नाहीं. मग तिनें विद्यार्थिनी म्हणून निराळा परवाना काढावयाचा, किंवा जो देश तिला सुटीपुरताच ठाऊक आहे तेथें परत जावयाचें. एकदां तिनें मला विचारलें, “आजोबा, पुण्याला मला खोली मिळेल ना?” मीं म्हटलें, “खोली कसली, घर आहे.” ती हंसली, पण सूनबाई उठून स्वयंपाकघरांत गेली.

एडिसनपासून मोटारीनें अर्ध्या तासाच्या अंतरावर रोझेल नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें कार्पेंटरबाईंच्या घरीं १८८३ सालीं आपल्या आनंदीबाई जोशी येऊन उतरल्या. त्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या, त्या जूनमध्यें न्यू यॉर्कास पोंचल्या. त्यांस अडविणारे पुष्कळ होते, परंतु ते सारे स्वदेशांतच: जातगंगा, समुद्रोल्लंघनाचा निषेध, वर्तमानपत्रांतील टीका. अमेरिकेच्या दाराशीं त्यांना व्हिसा कोणी विचारला नाहीं, कारण त्या काळीं तो लागतच नसे. १८८६ सालीं डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि पुढील वर्षीं पुण्यांत आपल्या माणसांत त्यांनीं देह ठेवला. आज सर्व उलटें झालें आहे. घरची माणसें परदेशगमनास आशीर्वाद देतात. बोटीच्या दोन महिन्यांऐवजीं विमानाचा एक दिवस पुरतो. आणि तरीही परतीची वाट एका शिक्क्यापाशीं अडते.

आपल्या घराच्या दाराशीं कोणास घ्यावें, हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक देशास आहे. त्याबद्दल येथें वाद घालावयाचा नाहीं. सांगावयाचें तें आपल्या घरांतील वडील मंडळींस. ज्यांचीं मुलें अशा रांगेंत उभीं आहेत, त्यांनीं पासपोर्टावरील शिक्का कधीं संपतो हें एकदां मुलास विचारून ठेवावें. हातपाय चालते आहेत तोंवर आपणच तिकडे जाऊन यावें. आणि प्रसंग ओढवलाच तर मुलाच्या जागीं कोणी उभें राहावयाचें, हें भावाभावांनीं आधींच मोकळेपणानें बोलून ठरवावें. एवढें केलें तर पंगतींतील कुजबुजीस घरांतूनच उत्तर मिळेल. तो आला नाहीं हें खरें. परंतु न येणें आणि येतां न येणें यांत फार अंतर आहे.