गॉब्लिन अजून पुलावरच?

प्रिय निनाद,

‘पुढच्या मोहिमेत लढाईच ठेवत नाही’ हे तुझं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. असलं काही करू नकोस. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमात लढाईचा एक राऊंड म्हणजे सहा सेकंद. तुझा राऊंड पंधरवडा उलटला तरी का संपत नाही, ते आधी बघ.

लढाईने नाही रे, वाट बघण्याने खेळ मरतो! प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा टाकून आपला नंबर ठरवायचा, ही रीत एका टेबलाभोवती बसणाऱ्यांची. तुझी मंडळी पुणे, दुबई, न्यू जर्सीत बसून पोस्ट लिहून खेळणारी. एकाची झोप म्हणजे सगळ्यांचा खोळंबा. बाजूवार पाळी दे. आधी सगळे नायक, जमेल तसे लिहितील. मग सगळे गॉब्लिन. १९८१ च्या टॉम मोल्डव्हेच्या बेसिक संचात हेच होतं, दर बाजूला सहा बाजूंचा एकच फासा.

आणि कसली ती लपवाछपवी! २०१४ च्या पुस्तकात गॉब्लिनचा आर्मर क्लास १५, ते उघड सांगून टाक. ‘लागला का?’ या प्रश्नातच तुझा एक दिवस जातो. हल्ला आणि इजा, दोन्ही फासे एकाच पोस्टमध्ये. गॉब्लिनच्या तलवारीची सरासरी इजा ५ छापलेलीच आहे, तीच धर. शील्ड मंत्र कधी वापरायचा हे जादूगाराने आधीच लिहून ठेवावं. टपालाने बुद्धिबळ खेळणारे ‘तू हे केलंस तर माझं हे’ असं आगाऊ कळवायचेच की.

पण मला खरा राग आहे तो तुझ्या गॉब्लिनांच्या शौर्याचा. निम्मे मेल्यावरही ते का लढतात? त्यांना जीव प्यारा नाही? मोल्डव्हेकडे पहिला पडला की आणि निम्मे पडले की, दोन फासे टाकून त्यांचं धैर्य तपासत. गच्चीवरच्या त्या उन्हाळ्यात कोबोल्ड पळू देणारा तूच होतास. नंतर ते कसे आपल्या मागावर राहिले! त्या भीतीसाठी आम्ही जेवणं सोडून यायचो. पळू दे त्यांना.

अनुजा लिहीत नाही म्हणून तिचं पात्र परस्पर हलवणार म्हणतोस. बाकीच्यांसाठी एका दिवसाची मुदत ठेव, पण तिच्यासाठी नको. ती कधी अशी गप्प बसत नाही. तिच्या आईचं ऑपरेशन याच महिन्यात होतं ना? आजच फोन कर, खेळाचा विषयसुद्धा काढू नकोस. आणि काय कळलं ते मला रात्री सांग.

तुझी,
ताई