ळ कुठे आहे?

संगणक घ्यायचा म्हटले की माणसे त्याच्या पोटात काय आहे याचीच चौकशी करतात. चिप कुठली, जीबी किती. पण ज्याच्याकडे तासन् तास डोळे लावून बसायचे तो पडदा आणि ज्याच्यावर बोटे चालवायची तो कळफलक, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. स्थळाची शेतीवाडी, घरदार सगळे विचारावे आणि मुलगा बोलतो कसा हे विचारायचे राहून जावे, त्यातला प्रकार!

खानापूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलला एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी दहा संगणकांचे पैसे दिले. निवडीचे काम मुख्याध्यापक म्हणून माझ्या गळ्यात पडले. मी एम. ए. मराठीचा. संगणकाच्या पोटातले मला कळत नाही, पण अक्षर डोळ्यांना दिसते कसे आणि बोटांतून उतरते कसे, हा माझ्याच विषयाचा भाग आहे असे मी धरून चाललो.

बेळगावच्या दुकानदाराने साडेअठरा इंची पडदा पुढे केला. "हाच घ्या की ओ सर. तुमच्या ऑफिसातल्या जुन्या एकोणीस इंचीएवढाच पडतोय." इंच हे कर्णाचे असतात एवढे ठाऊक होते. आमच्या गणिताच्या बाईंनी एका कोऱ्या पुरवणीवर पायथागोरस मांडला. जुना पडदा पाचास चार या प्रमाणातला, त्याची उंची 11.9 इंच. नवा सोळास नऊचा, त्याची उंची 9.1 इंच. म्हणजे रुंदी थोडी वाढली, पण उंचीत जवळजवळ पावणेतीन इंचांना कात्री लागली. सिनेमाला ते सोयीचे असेल. निबंधाचे पान मात्र उभे असते.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. त्या स्वस्त पडद्यावर 1366 गुणिले 768, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके. साडेएकवीस इंचीवर 1920 गुणिले 1080, म्हणजे पावणेएकवीस लाख. रोमन अक्षर हे बैठे घर. थोड्या ठिपक्यांत भागते. आपली लिपी माडीची आहे. वर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. 'सर्वांच्या' हा शब्द बारीक टायपात दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी लावून पाहिला. स्वस्त पडद्यावर रफार आणि अनुस्वार यांचा मिळून एक काळा ठिपका झाला होता. कन्नडची तीच गत, तिथे ओत्तक्षरे तळघरात राहतात. मी साडेएकवीस इंचीवर बोट ठेवले. पैसे वाढले, तेव्हा दहाचे आठ झाले. यावर संस्थेच्या बैठकीत कुरकुर झाली; पण ती काही मोठी लढाई नव्हे.

मोठी लढाई कळफलकाची. दुकानदार म्हणाला, "मराठी की-बोर्ड कोण मागतोय सर? इंग्लिशमध्ये मारायचं, मराठी आपोआप येतंय." येते, हे खरे आहे. पण b-a-l मारले की बाळ येते, बाल येते, बल येते आणि बळही येते. मूल यादीतला पहिला शब्द उचलते आणि पुढे जाते. मराठी शब्द आधी मनातल्या मनात इंग्रजीत फोडायचा आणि मग यंत्राने परत केलेला मुकाट्याने घ्यायचा, असा हा व्यवहार. त्यात पहिला बळी जातो ळचा. 'शाला सुटली' असा निरोप मी मोबाईलवर वाचलेला आहे आणि तो पाठवणारा मुलगा घरी चांगले खणखणीत 'शाळा' म्हणतो.

इन्स्क्रिप्ट नावाची सरकारी मांडणी 1986 सालची; 1991 मध्ये भारतीय मानकातही ती गेली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. मधल्या ओळीवर उजव्या हाताखाली प, र, क, त, च, ट. र सोडला तर पाचही वर्गांचे म्होरके एका रांगेत उभे! त्यांच्या वरच्या ओळीत ब, ग, द, ज, ड. शिफ्ट दाबली की कचा ख आणि गचा घ. इंग्रजी कळफलकाची क्वर्टी मांडणी 1870 च्या दशकातल्या टंकयंत्रावरून आली. तिच्यात ए-बी-सी-डीचा क्रम शोधून सापडत नाही. इथे मात्र पहिलीच्या फळ्यावरची बाराखडी ओळखू येते. 'सूर्या' आणि 'सुऱ्या' यांतला र वेगळा, त्यालाही स्वतंत्र जागा आहे.

आणखी एक गोष्ट मी बैठकीत सांगितली. जिथे क आहे तिथेच कन्नडचा ಕ आहे. कळ तीच, बोट तेच. आमच्या जिल्ह्यात पाटी कुठल्या लिपीत असावी यावरून माणसे रस्त्यावर उतरलेली आहेत. आमची मुले दोन्ही लिपी शिकतात. एकदा बोटांना वळण लागले की दोन्हीकडे चालते. यावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "गुरुजी, नोकरी इंग्रजीवर मिळणार. आठवीचा पट चाळिसावरून तेविसावर आलाय, आणि तुम्ही ळ शोधताय." पटाचा आकडा त्यांचा बरोबर होता. मी म्हणालो, जे तेवीस आहेत ते मराठी शिकायलाच आलेत. त्यांना ती इंग्रजीच्या खिडकीतून कशाला दाखवायची? ठराव पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला.

बाकीचे चटकन उरकले. माऊस वायरचे घेतले, कारण बिनवायरीच्या माऊसचे सेल भिंतीवरच्या घड्याळात जातात. टेबले प्रयोगशाळेतली, तीस इंच उंच. आठवीच्या पोरांचे खांदे कानाला लागत. सुताराने पाय तीन-तीन इंच कापले.

कळांवर देवनागरी चिकटपट्ट्या लावल्या होत्या. सहा महिन्यांत कान्याची पट्टी सगळ्यांत आधी पुसली, मग र, मग क. क्लार्क नवा संच मागवू म्हणतो. मी अजून सही केलेली नाही. आठवीतल्या मुली आता खाली न बघता मारतात, शिपाईमामा मात्र अजून शिकताहेत आणि दर दुपारी येऊन विचारतात, "सर, ळ कुठं आहे ओ?"