पाळतीवरचे उपग्रह आणि आभाळातील अनोळखी स्फोट

5 ऑगस्ट 1963. मॉस्कोत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी एका करारावर सह्या केल्या. यापुढे वातावरणात, पाण्याखाली किंवा अवकाशात अणुचाचण्या होणार नाहीत असे ठरले. सह्या झाल्या, विश्वास मात्र कोणाचाच कोणावर नव्हता. 10 ऑक्टोबरला करार अमलात आला आणि अवघ्या आठवड्याभरात, 17 ऑक्टोबरला, अमेरिकेने पाळतीसाठी उपग्रहांची पहिली जोडी अवकाशात धाडली. नाव ‘व्हेला’. स्पॅनिश भाषेतील ‘पहारा देणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून घेतलेले.

हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 1 लाख किलोमीटर उंचीवर फिरत. एवढ्या दूर कशासाठी? कारण शंकाही तेवढीच लांबवर पोहोचली होती. प्रतिपक्षाने चंद्राच्या आडोशाला जाऊन बॉम्ब फोडला तर? स्फोटाची पहिली लख्ख चमक चंद्राआड लपेल, पण किरणोत्सारी ढग फैलावत बाहेर आला की त्यातील गॅमा किरण दिसल्यावाचून राहणार नाहीत, असा हिशेब होता. म्हणून उपग्रहांवर क्ष-किरण व न्यूट्रॉन यांच्या जोडीने गॅमा किरण टिपणारी उपकरणेही बसवली गेली.

2 जुलै 1967 रोजी त्या उपकरणांनी एक नोंद केली. तिच्याकडे लगेच कोणी पाहिले नाही. 1969 मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन छापील आकड्यांच्या थप्प्या हाताने पडताळत असताना ती त्यांच्या नजरेस आली. अणुस्फोटाची गॅमा चमक क्षणार्धात उसळते आणि मग संथ उतरते. ही नोंद तशी नव्हती. तिच्यात एक शिखर होते, मग घसरण, मग पुन्हा उंचवटा. बॉम्ब नव्हे हे उघड होते. मग काय, याचे उत्तर कोणापाशीही नव्हते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबायला हवे. शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो 1 जून 1973 रोजी, म्हणजे नोंदीनंतर तब्बल सहा वर्षांनी. या सहा वर्षांची एक चटकदार कथा सर्वत्र सांगितली जाते: लष्कराने विश्वाचे गुपित तिजोरीत दडवून ठेवले होते! शीतयुद्ध, गुप्त उपग्रह, मुकाट शास्त्रज्ञ; कथेला हवे ते सारे तिच्यात आहे. प्रत्यक्ष कामाचा क्रम पाहिला की मात्र उशिराचे कारण वेगळे आणि बरेच रुक्ष निघते. सुरुवातीच्या उपग्रहांची वेळेची नोंद पुरेशी बारीक नव्हती, त्यामुळे किरण कोणत्या दिशेने आले हे ठरवता येत नव्हते. दिशा ठाऊक नसताना ‘हे सूर्याचे काम नाही’ असे ठामपणे म्हणणार कसे?

1969 आणि 1970 मध्ये सुधारित उपग्रह वर गेले. व्हेलाच्या कक्षेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला जवळपास पाऊण सेकंद लागतो. एकच लहर एका उपग्रहाला आधी आणि दुसऱ्याला नंतर भेटली, तर त्या फरकावरून ती साधारण कोठून आली हे काढता येते. क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग आणि ओल्सन यांनी जुलै 1969 ते जुलै 1972 या काळातील 16 स्फोट अशा रीतीने तपासले. उगम पृथ्वीत नाही आणि सूर्यातही नाही, एवढे सिद्ध झाले. त्या सहा वर्षांत दडपणुकीपेक्षा सावधपणाच अधिक होता. पुढे ‘कॉस्मॉस-461’ या सोव्हिएत उपग्रहाच्या नोंदींतूनही या शोधाला दुजोरा मिळाला. ज्यांच्यावर पाळत ठेवायची, त्यांनीच साक्ष द्यावी, हा योगही नोंदण्याजोगा.

मग सुरू झाले अंदाजांचे पीक. पुढच्या वीस वर्षांत शंभराहून अधिक उपपत्ती मांडल्या गेल्या. एवढ्या उपपत्ती एकाच वेळी जिवंत राहतात तेव्हा पुरावा तोकडा आहे, हे समजावे. स्फोट काही सेकंदांत विझत असे. तो विझल्यावर त्या जागी दुर्बीण रोखावी, तर जागाच नेमकी माहीत नसे. चोर आला आणि गेला हे कळे, पण कोणत्या घरातून, ते कळत नसे.

5 एप्रिल 1991 रोजी कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. तिच्या आठ कोपऱ्यांवर ‘बॅट्से’ उपकरणाचे आठ शोधक होते. आकाशाची कोणतीही बाजू नजरेआड राहू नये ही त्यामागची कल्पना. बहुतेकांची अपेक्षा होती की स्फोट आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटीने दिसतील. ते सगळीकडे सारखे विखुरलेले निघाले. नऊ वर्षांत 2704 स्फोट नोंदले गेले आणि कोठेही दाटी नाही.

22 एप्रिल 1995 रोजी वॉशिंग्टनमधील बेअर्ड सभागृहात यावर जाहीर वाद झाला. याच सभागृहात 1920 साली शेप्ली आणि कर्टिस यांनी विश्वाच्या विस्तारावर वाद घातला होता. एका बाजूला बोहदान पाचिन्स्की. हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे आहेत, असे ते 1986 पासून सांगत होते आणि दीर्घकाळ त्यांच्या बाजूने फारसे कोणी नव्हते. दुसऱ्या बाजूला डोनाल्ड लॅम्ब. त्यांच्या मते उगम आपल्याच आकाशगंगेभोवतीच्या विस्तीर्ण प्रभामंडळातील न्यूट्रॉन ताऱ्यांत होता.

पाचिन्स्की जिंकले हे आज ठाऊक असल्याने लॅम्ब यांना हटवादी ठरवणे सोपे आहे. ते अन्यायाचे होईल. 5 मार्च 1979 रोजी एक प्रचंड गॅमा चमक अनेक यानांनी टिपली होती आणि तिची दिशा मोठ्या मॅगेलनी मेघातील एका अतिनवताऱ्याच्या अवशेषाशी जुळली होती. म्हणजे जवळपासचा न्यूट्रॉन तारा असे काही करू शकतो, याचा दाखला हाताशी होता. शिवाय 1994 मध्येच दिसून आले होते की नवजात पल्सार सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने भिरकावले जातात. असे तारे दूरवर पसरून आकाशात सर्वत्र सारखे दिसू शकत होते. उलट पाचिन्स्कींचे अंतर खरे मानायचे, तर काही सेकंदांत बाहेर पडणारी ऊर्जा कल्पनेपलीकडे जात होती. हातातील पुराव्यावर लॅम्ब यांचा पक्ष वाजवी होता. अध्यक्षस्थानी असलेल्या मार्टिन रीस यांनीही निकाल दिला नाही.

निकाल आला 28 फेब्रुवारी 1997 रोजी. इटली आणि नेदरलँड्स यांचा ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रह आदल्या वर्षी वर गेला होता. त्याच्या रुंद दृष्टीच्या कॅमेऱ्याने स्फोट पाहिला आणि सुमारे आठ तासांत संपूर्ण उपग्रह वळवून त्याच्या क्ष-किरण दुर्बिणी तेथे रोखण्यात आल्या. तेथे नवा क्ष-किरण स्रोत होता, आणि 3 मार्चला पुन्हा पाहिले तेव्हा तो बराच मंदावलेला होता. स्फोट विझला तरी मागे धग उरते, ती हीच. प्रचंड वेगाने फेकलेले द्रव्य भोवतालच्या वायूवर आदळते आणि दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे, क्ष-किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंत उजळत राहते. याला उत्तरदीप्ती म्हणावे.

ॲम्स्टरडॅमचे यान व्हान पाराडाइस यांच्या गटाने ला पाल्मा बेटावरील दुर्बिणीतून त्याच संध्याकाळी त्या जागेचे छायाचित्र मिळवले. टायटस गालामा आणि पॉल ग्रूट या दोन पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी ते 8 मार्चच्या छायाचित्राशी ताडून पाहिले. पहिल्यात एक ठिपका होता, दुसऱ्यात तो नव्हता. तीस वर्षांच्या कोड्याची पहिली दृश्य खूण दोन छायाचित्रे शेजारी ठेवून सापडली. व्हान पाराडाइस यांना पुढचा बहर फार काळ पाहता आला नाही. 1999 मध्ये त्यांचे निधन झाले.

8 मे 1997 च्या स्फोटाने अंतरही सांगितले. हवाईतील केक दुर्बिणीने उत्तरदीप्तीचा वर्णपट घेतला आणि ताम्रसृती किमान 0.835 निघाली. त्या प्रकाशाचा प्रवास सुमारे 7 अब्ज वर्षांचा होता. वाद संपला.

यापुढचा इतिहास वेगाचा आहे. 20 नोव्हेंबर 2004 रोजी सोडलेला ‘स्विफ्ट’ उपग्रह माणसाच्या आज्ञेची वाट न पाहता मिनिटा-दोन मिनिटांत स्वतः वळतो. त्याने टिपलेल्या 23 एप्रिल 2009 च्या स्फोटाचा प्रकाश 13 अब्ज वर्षे जुना होता. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, गुरुत्वीय लहर आली आणि तिच्यामागून 1.7 सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाला गॅमा चमक दिसली.

या कथेत मुंबई-पुण्याचाही वाटा आहे. 28 सप्टेंबर 2015 रोजी गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील सीझेडटीआय हे उपकरण टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचे आयुका आणि इतर संस्थांनी मिळून घडवले. ते सुरू झाले 6 ऑक्टोबरला आणि त्याच दिवशी त्याने एक गॅमा-किरण स्फोट नोंदवला. त्यानंतर ही संख्या पाचशेच्या वर गेली आहे.

त्याची एक कामगिरी मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विशेष पाहावी. 4 जानेवारी 2017 रोजी गुरुत्वीय लहर आली आणि आकाशाच्या त्याच भागात ‘ॲटलास’ दुर्बिणीला झपाट्याने मंदावणारा एक ठिपका दिसला. लहरीचा उगम हाच, असे मानण्याचा मोह मोठा होता. आयुका आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी सीझेडटीआयच्या नोंदी तपासल्या. लहरीनंतर सुमारे 21 तासांनी झालेला एक स्वतंत्र गॅमा-किरण स्फोट त्यांत होता, आणि त्या ठिपक्याचे मंदावणे लहरीच्या नव्हे, या स्फोटाच्या वेळेशी जुळत होते. ठिपका त्या स्फोटाची उत्तरदीप्ती होता. गुरुत्वीय लहरीशी त्याचा काहीही संबंध नव्हता.