हात पुढें कीं पाय ?

हुतुतूंत, म्हणजे आजच्या कबड्डींत, पकडला गेलेला गडी मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हां त्यानें हात पुढें टाकावा कीं पाय, यावर आम्हां मालवणच्या मुलांचे वाद पुष्कळ रंगत. चिवल्याच्या वाळूंत खेळणारे हाताचा कैवार घेत. सूर मारला कीं सबंध देहाची लांबी कामीं येते. आणि दम न सोडतां रेषेस बोट जरी लागलें, तरी धरणारे सारे बाद होतात. जांभ्याच्या कठीण मैदानावरील मुलें मात्र पायाची अभिमानी. तेथें सूर मारतांना माझ्या एका सोबत्याचें मनगट मोडलें, आणि तें वर्ष त्यानें रेषेबाहेर बसून काढलें.

अमेरिकेंतील बेसबॉलमध्येंहि हाच वाद आहे. तेथील 'लिटल लीग' या संघटनेनें १२ वर्षांपर्यंतच्या गटांत डोकें पुढें करून घसरण्यास मनाई केली आहे. मागल्या तळाकडे परततांना मात्र मुभा आहे.

माझ्या मतें उत्तर पकडींतच आहे. घोटा धरला गेला, तर हाताचाच आधार. कंबर धरली गेली, तर पाय मोकळा असतो. मोठे सामने आतां मऊ चटईवर होतात, परंतु शाळकरी मुलांच्या वांट्यास बहुधा मातीच येते. म्हणून, बालमित्रहो, प्रथम पाय टाकण्यास शिकावें, सूर वाळूंत गिरवावा, आणि मगच तो मैदानावर न्यावा. गेलेला गुण पुढल्या चढाईंत परत मिळतो. मनगटास महिने लागतात. पाय टाकणाऱ्या मुलास कोणीं भित्रा म्हणूं नये. निदान पालकांनीं तरी म्हणूं नये.