दीव: हजिऱ्याच्या पलीकडचं बेट

सुरतेत "आम्ही दीवला चाललोय" असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "फॅमिलीला घेऊन?" गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि दीव केंद्रशासित आहे. एवढ्या दोन गोष्टींवर त्या बेटाची सगळी ओळख ठरून गेली आहे. शनिवारी तिकडे निघालेल्या गाड्या कशासाठी जातात, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे आपल्या मंडळातली कुटुंबं गोव्याला जातात, अंदमानला जातात, हल्ली थायलंडलाही जातात. पण नकाशावर सुरतेपासून सरळ रेषेत जेमतेम दोनशे किलोमीटरवर असलेलं हे बेट तेवढं राहून जातं.

दिवाळीच्या आठवड्यात कापड बाजार आणि हिऱ्यांचे कारखाने बंद असतात, तेव्हा अर्धी सुरत तिथे उतरलेली असते. तो आठवडा आम्ही सोडून दिला. शाळेची सुट्टी शिल्लक होती आणि तुळशीचं लग्न व्हायचं होतं, त्या मधल्या दिवसांत आम्ही पाच जण निघालो: आई, बायको, सातवीतली मुलगी, पहिलीतला मुलगा आणि मी.

आखात ओलांडताना

रस्त्याने गेलं तर खंभातच्या आखाताला वळसा पडतो आणि प्रवास पाचशे किलोमीटरच्या वर जातो. नोव्हेंबर २०२०मध्ये हजिरा ते घोघा अशी रो-पॅक्स फेरी सुरू झाली आणि हा वळसा वाचला. सुरत-भावनगर भागातलं रस्त्याचं ३७० किलोमीटरचं अंतर समुद्रातून साधारण ९० किलोमीटर होतं. गाडी बोटीच्या पोटात ठेवायची आणि आपण वर डेकवर जायचं. चार तास लागतात, पण मुलांना ते कळतही नाहीत.

डेकवरून मुलीने पहिली तक्रार केली: "बाबा, पाणी चहासारखं का आहे?" तापी, नर्मदा, मही, साबरमती या नद्या आपला सगळा गाळ या आखातात आणून टाकतात, आणि इथल्या जबरदस्त भरती-ओहोटीमुळे तो कधी खाली बसत नाही. म्हणून आपल्या डुमसचा समुद्र कधी निळा दिसत नाही. डुमस म्हणजे काळी वाळू आणि टोमॅटोची भजी, एवढाच समुद्र आमच्या मुलांनी पाहिलेला.

घोघ्याला उतरून तळाजा, महुवा, राजुला, उना असं चार-पाच तास गाडी चालवावी लागते. मुलाच्या डोक्यात घोघा आणि घोघला यांचा शेवटपर्यंत घोळ राहिला. घोघा भावनगरजवळ, आणि घोघला दीव बेटाच्या समोर, खाडीच्या अलीकडे. वाटेत अलंग लागतं. मोठमोठी जहाजं भरतीच्या वेळी जोरात किनाऱ्यावर चढवतात, ओहोटीला ती तिथेच बसतात, आणि मग माणसं ती कापून काढतात. १९८३पासून हे काम तिथे चालू आहे. रस्त्याकडेच्या दुकानांत जहाजांतून निघालेल्या खुर्च्या, कपबशा, लाइफ जॅकेटं असं सगळं विकायला मांडलेलं असतं. आईने तिथून एक जाडजूड स्टीलचा डबा घेतला. कुठल्या देशाच्या बोटीवर होता कोणास ठाऊक, आता त्यात आमची तूरडाळ असते.

निळं पाणी

दीव लहान आहे. पूर्व-पश्चिम लांबी अकरा-बारा किलोमीटर. एका टोकाला किल्ला आणि शहर, दुसऱ्या टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं गाव. आखाताचा गाळ इथवर पोचत नाही, त्यामुळे पाणी खरोखर निळं-हिरवं दिसतं.

नागवा हा सगळ्यांत प्रसिद्ध किनारा. घोड्याच्या नालासारखा वळलेला असल्याने लाटा मवाळ असतात आणि लहान मुलांना घेऊन पाण्यात उतरता येतं. गर्दी, बनाना बोट आणि गोंगाटही तिथेच. आम्हाला घोघल्याचा किनारा जास्त आवडला. लांब, सपाट आणि स्वच्छ. त्याला २०२०मध्ये 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळालं आहे. सकाळी सात वाजता आमच्याशिवाय तिथे दोन कुत्री आणि काही पाणपक्षी होते.

किनाऱ्यालगत एक वेगळंच झाड दिसतं. ताडासारखं, पण वर जाऊन त्याला फांद्या फुटतात. स्थानिक लोक त्याच्या फळांना होका म्हणतात. मराठीत हा रावणताड. मुलाने लगेच डोकी मोजायला घेतली. दहा काही भरली नाहीत.

जालंधरचा किनारा खडकाळ आहे, पोहायला चांगला नाही, पण जवळच जालंधराचं देऊळ आहे. इथे आईला विषय सापडला. वृंदेचा पती जालंधर, विष्णूने केलेलं कपट, वृंदेची झालेली तुळस आणि म्हणून दरवर्षी आपण लावतो ते लग्न, अशी पूर्ण गोष्ट तिने खडकावर बसून नातवंडांना सांगितली. मुलीने विचारलं, "म्हणजे देवाने फसवलं, आणि लग्नही त्याच्याशीच लावायचं?" आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणून तर दरवर्षी तिचा मान ठेवायचा."

गोपी तलावाचा भाऊबंद

सुरतेच्या मुलांना गोपी तलाव म्हणजे संध्याकाळी फिरायला जायची जागा. तो बांधणारा मलिक गोपी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातच्या सुलतानाच्या दरबारातलं बडं प्रस्थ होता. त्याच काळात दीवचा कारभार मलिक अयाजकडे होता. दोघांचं पटत नसे. पोर्तुगीजांशी जुळवून घ्यावं असं गोपीला वाटे, तर अयाज त्यांना दीवमध्ये पाय रोवू देत नव्हता. १५०९मध्ये दीवच्या समुद्रात मोठी लढाई झाली, पोर्तुगीज जिंकले, तरीही बेट त्यांच्या हाती लागलं नाही. शेवटी १५३५मध्ये हुमायूनच्या भीतीने सुलतान बहादूरशाहने त्यांची मदत मागितली आणि बदल्यात किल्ला बांधायची परवानगी दिली. दोन वर्षांत दीवजवळच्याच समुद्रात तो पोर्तुगीजांकडून मारला गेला. किल्ला मात्र १९ डिसेंबर १९६१पर्यंत त्यांच्याकडे राहिला.

तो किल्ला आजही भक्कम आहे. तीन बाजूंनी समुद्र आणि जमिनीच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक. तटावर ओळीने तोफा आहेत. समोर खाडीच्या मध्यात पाणीकोठा नावाचा छोटा जलदुर्ग जहाजासारखा उभा दिसतो. सकाळी लवकर जा, दुपारी दगड तापतो.

चक्रतीर्थाजवळ 'आयएनएस खुकरी'चं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवपासून काही मैलांवर पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्याच नावाची दुसरी खुकरी पुढे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि सेवानिवृत्त झाल्यावर २०२२मध्ये दीवलाच देण्यात आली. स्मारकापुढे नुसता समुद्र आहे. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो आणि मुलंही आपोआप हळू बोलू लागली.

फुदमच्या बा

फुदम गावात समुद्राच्या कपारीत गंगेश्वराचं देऊळ आहे. पाच शिवलिंगं आहेत, पांडवांनी स्थापन केली असं सांगतात, आणि भरतीच्या लाटा त्यांना अंघोळ घालून जातात. तिथल्या पायऱ्यांवर लाटांची वाट पाहत एक सत्तरीच्या आजी बसल्या होत्या. आईची सुरती गुजराती आणि त्यांची काठियावाडी वळणाची गुजराती जुळायला पाच मिनिटं पुरली. चहाला घरी घेऊन गेल्या.

घर मोठं, दुमजली, पिवळं रंगवलेलं. गल्लीतल्या बऱ्याच घरांना कुलपं होती. आईने विचारलं, "सगळे कुठे गेले?"

बांनी बोटं मोजत सांगितलं. वडील लॉरेन्सो मार्क्समध्ये, म्हणजे आताच्या मापुतोमध्ये, गवंडीकाम करायचे. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर एक काका लिस्बनला गेले. दोन्ही मुलगे आता इंग्लंडमध्ये, लेस्टरला. हे सगळं कसं घडतं, ते मी नंतर वाचलं. दीव आणि मोझांबिकचा संबंध फार जुना. इथल्या महाजनांना १६८६मध्ये पोर्तुगीजांनी त्या व्यापाराचा मक्ताच दिला होता, कापड जायचं आणि हस्तिदंत यायचं. पुढे कारागीर गेले. आणि १९ डिसेंबर १९६१च्या आधी दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. तो पासपोर्ट हातात आला की ब्रेक्झिट होईपर्यंत ब्रिटनमध्ये सरळ जाऊन राहता येत होतं. २०११च्या जनगणनेत दीव जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३१ स्त्रिया होत्या. त्याच केंद्रशासित प्रदेशातल्या दमणमध्ये, जिथे बाहेरचे पुरुष कारखान्यांत कामाला येतात, हा आकडा साडेपाचशेच्याही खाली होता. एका ठिकाणचे पुरुष निघून जातात, दुसऱ्या ठिकाणी बाहेरून येतात. फुदमची ती गल्ली पाहिल्यावर हे आकडे मला वेगळे समजावून घ्यावे लागले नाहीत.

"तुम्ही नाही गेलात लेस्टरला?" आईने विचारलं.

"जाऊन आले. सहा महिने राहिले. पण मी तिकडे राहिले तर डिसेंबरमध्ये ते येतात तेव्हा दार कोण उघडणार?" बा म्हणाल्या. नातवाला गुजराती समजते, बोलता येत नाही. दरवर्षी तो आला की त्या त्याला वरच्या माळ्यावर नेतात आणि पणजोबांची गवंड्याची थापी दाखवतात. ती थापी त्यांनी आम्हालाही दाखवली. लोखंड झिजून अर्धं झालेलं.

आई नंतर गाडीत गप्प होती. कारण मला माहीत होतं. माझे आजोबा साठीच्या दशकात अमळनेरजवळच्या गावातून ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला मिलमध्ये कामाला आले. गावातल्या घराला वीस वर्षं कुलूप आहे. भिंत खचली आहे, गिऱ्हाईक आलं आहे, काका-काकूंशी फोनवर बोलणी चालू आहेत. माझ्या दृष्टीने तो कागदपत्रांचा विषय होता: सातबारा, वारसांच्या सह्या, कोणाचा वाटा किती.

परतीच्या बोटीवर आई म्हणाली, "विकायचं ते विका, माझी ना नाही. पण विकण्याआधी मुलांना एकदा त्या घरात झोपू द्या."

मुलीने विचारलं, तिथे समुद्र आहे का. नाही, बोरी नदी आहे, तीही उन्हाळ्यात कोरडी. तरी मे महिन्याची तिकिटं काढली आहेत. काकांनाही तसं कळवलं, सह्या त्यानंतर होतील.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा मुलांना घेऊन जाऊ नका. दिवाळीचा आठवडा आणि ३१ डिसेंबर टाळा. बोटीचं आणि गाडीचं बुकिंग आधी करा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा तपासा, कारण हवामानाप्रमाणे ती बदलते. बोट नको असेल तर सुरतेहून रात्रीच्या स्लीपर बस मिळतात. शाकाहारी जेवणाची अडचण नाही. गुजराती थाळी सगळीकडे आहे.

दारूची दुकानं दिसतात, हे खरं. ती मुख्य रस्त्यावर आहेत. परतताना हद्दीवर गाडी तपासतात. आमची डिकी उघडल्यावर त्यात ओले टॉवेल आणि आईचा डबा निघाला.

तीन रात्री पुरतात. दोन सकाळी समुद्रासाठी ठेवा, एक किल्ल्यासाठी. एक संध्याकाळ मात्र मोकळी सोडा आणि फुदम किंवा वणाकबाऱ्याच्या गल्ल्यांतून पायी फिरा. घरात कोणी आजी असतील तर त्यांच्याशी बोला. गुजराती आपल्याला येतेच.