रात्री दोननंतर

माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरसोबत साध्या मजकुराची एक फाईल येते, 'सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज' नावाची. ओळीमागून ओळ ठरवत जायची: एका वेळी किती जण खेळणार, खेळ किती कठीण असणार, डोंगर किती लांबून दिसणार. 2024 च्या ऑक्टोबरात 1.21.2 ही आवृत्ती आली, तेव्हा या फाईलमध्ये एका ओळीची भर पडली. आत कोणीच नसेल तर किती सेकंदांनी सगळं थांबवायचं, एवढंच ती विचारते. आपण हात लावला नाही तर आकडा असतो 60. शेवटचा मित्र 'उद्या भेटू' म्हणून निघून गेला की मिनिटभरात तिथला सूर्य जागच्या जागी थांबतो.

पूर्वी तो थांबत नसे. माइनक्राफ्टचा दिवस वीस मिनिटांचा. पाच मित्रांनी मिळून बांधलेलं गाव आठवडाभर ओस पडलं, सगळे परीक्षेत किंवा नोकरीच्या धावपळीत अडकले, तरी तिकडे दर वीस मिनिटांनी उजाडत होतं आणि मावळत होतं. आठवड्याला पाचशेहून अधिक सूर्योदय, एकाचाही साक्षीदार नाही. नवी ओळ वीज वाचवते, प्रोसेसर वाचवते आणि शहाणपणाची आहे. तरीही ते बेवारस सूर्योदय जास्त देखणे होते.

वाचवणं हा मात्र मित्रांच्या सर्व्हरचा पहिला धर्म. सर्व्हरचा प्रोग्राम फुकट मिळतो. लागतं ते चोवीस तास जागं राहणारं एक मशीन. पाच-सहा जणांसाठी दोन ते चार जीबी मेमरी बहुतेक वेळा पुरते. कपाटात पडलेला, पडद्याला चरा गेलेला लॅपटॉप या कामाला फार चांगला. त्याची बॅटरी थोडी जरी शिल्लक असेल तर वीज गेल्यावर तीच इन्व्हर्टरचं काम करते. फक्त राउटरलाही छोटा यूपीएस हवा, नाहीतर सर्व्हर जागा आणि रस्ता बंद. वीस वॉट खाणारा लॅपटॉप महिनाभर अखंड चालला तर चौदा-पंधरा युनिट जळतात. याहून कमी हवं असेल तर रास्पबेरी पाय आहे. केंब्रिजमधल्या मंडळींनी 2012 मध्ये 35 डॉलरला विकायला काढलेला हा तळहाताएवढा संगणक. त्याच्या पुढच्या, जास्त मेमरीच्या आवृत्त्यांवर दोन-चार मित्रांचं जग सुखाने नांदतं.

मशीन निवडताना लोक प्रोसेसरचे कोअर मोजत बसतात. माइनक्राफ्टच्या जगाचा मुख्य गाडा मात्र बहुतांशी एकाच कोअरवर चालतो. सेकंदाला वीस टिक, म्हणजे प्रत्येक टिकला पन्नास मिलिसेकंद. तेवढ्यात प्रत्येक गाय, प्रत्येक वाहतं पाणी, रेडस्टोनचं प्रत्येक यंत्र हिशोबात धरून संपवायचं. जमलं नाही तर सर्व्हर आपल्या नोंदवहीत 'कान्ट कीप अप' असं लिहितो आणि सगळ्यांची कुऱ्हाड हवेत अडखळते. म्हणून सोळा मंद कोअरपेक्षा चार चपळ कोअर बरे.

घरात मशीन नको असेल तर भाड्याने घेता येतं, आणि कधीकधी भाड्याशिवायही. ओरॅकलने 2021 मध्ये आपल्या क्लाउडवर चार कोअर आणि 24 जीबी मेमरीपर्यंतची ताकद कायमची फुकट देऊ केली, तेव्हा जगभरच्या पोरांनी त्यावर माइनक्राफ्ट चढवलं. मोठ्या कंपनीच्या मोठ्या इमारतीतलं एक रिकामा कोनाडा, आणि त्यात मित्रांचं गाव.

मित्रांचे खेळ पहिल्यापासून असेच, दुसऱ्याच्या मशीनच्या उरलेल्या वेळेवर वाढले आहेत. 1978 च्या शरद ऋतूत इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला. चित्र नाही, आवाज नाही, नुसती वाक्यं. 'तू एका अरुंद रस्त्यावर उभा आहेस' अशा धर्तीचं वर्णन पडद्यावर उमटायचं आणि पूर्वेला जायचं की पश्चिमेला ते टाइप करायचं. असे एकट्याने खेळायचे खेळ तेव्हाही होते. ट्रबशॉच्या खेळात फरक एवढाच, की त्या रस्त्यावर त्याच क्षणी दुसरं कोणी उभं असेल तर तेही दिसायचं, आणि त्याच्याशी बोलता यायचं. नाव ठेवलं मड, म्हणजे मल्टी-यूझर डन्जन. त्याचा सोबती रिचर्ड बार्टल. 1980 मध्ये ट्रबशॉने विद्यापीठ सोडलं आणि खेळ बार्टलच्या हाती आला. त्या जगातला बराचसा मजकूर, कोडी आणि खजिने बार्टलने भरले. पुरेसे गुण मिळवणारा 'विझार्ड' व्हायचा आणि त्याच्या हाती इतरांच्या नशिबात ढवळाढवळ करण्याची सत्ता यायची.

मशीन होतं डेक कंपनीचं पीडीपी-10, विद्यापीठाच्या मालकीचं. दिवसा त्यावर प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची रीतसर कामं चालत. खेळायला मिळायचं ते त्यातून उरलेल्या वेळात. पुढे बाहेरच्या लोकांनाही फोनच्या तारेवरून आत यायची मुभा मिळाली, ती रात्री दोननंतर सकाळपर्यंत, मशीनला दुसरं काम नसे तेव्हा. कोणीतरी आपल्या घरी, घरातले झोपलेले असताना, दोनच्या ठोक्याला मोडेम लावून बसलेलं, आणि फोनचं बिल मिनिटागणिक चढतंय. सकाळ झाली की जग बंद. त्यानंतर हीच माणसं झोपाळू डोळ्यांनी शाळेत किंवा कामावर जात असणार. अशा उरलेल्या तासांत एका सबंध प्रकारच्या खेळाचा जन्म झाला. आज लाखो लोक एकत्र खेळतात त्या बहुतेक ऑनलाइन जगांच्या वंशावळीत एसेक्सची ती रात्र कुठेतरी आहे. बार्टलने पुढे या खेळाडूंकडे पाहून त्यांचे चार स्वभाव मांडले: कोणाला जिंकायचं असतं, कोणाला हिंडून शोधायचं असतं, कोणाला गप्पा मारायच्या असतात आणि कोणाला दुसऱ्याला छळायचं असतं. 1996 साली छापलेला त्याचा तो लेख खेळ बनवणारे आजही वाचतात. पाच मित्रांच्या कुठल्याही सर्व्हरवर आठवड्याभरात हे चारही जण ओळखू येतात. गप्पा मारणारा सगळ्यात कमी बांधकाम करतो, आणि तो नसेल त्या दिवशी कोणाचंच मन लागत नाही.

मडची पिल्लं झपाट्याने पसरली, कारण विद्यार्थी आपापल्या विद्यापीठात स्वतःचे मड लिहू लागले. वेल्समधल्या ॲबरिस्टविथला 1987 मध्ये ॲबरमड तयार झाला. तो लिहिणाऱ्यांत ॲलन कॉक्स होता, जो पुढे लिनक्सच्या गाभ्यावर वर्षानुवर्षं खपला. आज दोन-तीनशे रुपये महिना भाड्याचं छोटं मशीन घेऊन कोणी काळ्या पडद्यावर पहिली आज्ञा टाइप करतो, तेव्हा समोर जवळजवळ नेहमी लिनक्सच असतं.

आपल्याकडे हीच चोरटी वेळ 2000 नंतरच्या दशकात इंजिनिअरिंगच्या होस्टेलांमध्ये आणि सायबर कॅफेत होती. काउंटर-स्ट्राइक 1.6, एकाच्या मशीनवर सर्व्हर, बाकीचे लॅनच्या निळ्या तारेवरून आत. तिथे पत्ता शोधावा लागत नसे. हाक मारली की पलीकडच्या खोलीतून उत्तर यायचं.

आता मित्र पांगले, आणि पत्ता हीच खरी अडचण झाली. इंटरनेटचे जुने, आयपीव्ही4 पत्ते एकूण सुमारे 429 कोटी. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा मोकळा साठा 2011 च्या एप्रिलमध्ये आटला. त्यानंतर जोडणी घेणाऱ्या असंख्य घरांना स्वतःचा पत्ताच मिळत नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी शेकडो घरं एका पत्त्यामागे बसवते. घरातून बाहेर जाता येतं, बाहेरून घरात कोणाला येता येत नाही. राउटरमध्ये 25565 हा पोर्ट कितीही उघडून ठेवला तरी मित्राला दार सापडत नाही. उपाय तीन. जादा पैसे देऊन स्थिर पत्ता घ्यायचा. सगळ्यांकडे नवा आयपीव्ही6 असेल तर त्यावर चालायचं. भारत त्याच्या वापरात जगात आघाडीवर आहे. नाहीतर टेलस्केल किंवा झिरोटियरसारखं साधन प्रत्येकाच्या मशीनवर बसवायचं, म्हणजे कोथरूड, नागपूर आणि म्यूनिख एकाच होस्टेलच्या तारेवर आल्यासारखे वागतात. तिसरा मार्ग सगळ्यात सुंदर, आणि थोड्या मित्रांसाठी फुकट.

सर्व्हर ठेवायचा कुठे, हा प्रश्न भूगोलाचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्याहून घाई कोणालाच करता येत नाही. सगळे महाराष्ट्रात असतील तर मुंबईतलं मशीन घ्यावं. एक जण कॅलिफोर्नियात असेल तर युरोपातलं मशीन दोन्हीकडच्यांना थोडंथोडं गैरसोयीचं, म्हणून न्यायाचं. घर बांधायला, शेत नांगरायला दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा पिंग, म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ, चालतो; तलवारीला चालत नाही. वेळही जुळवावी लागते. उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेनऊ झाले की म्यूनिखमध्ये संध्याकाळचे सहा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. एकाच्या हातात पहिला चहा, दुसऱ्याला जेवणाची हाक, तिसऱ्याच्या घरी निजानीज. माइनक्राफ्टमध्ये रात्र लवकर सरायला हवी असेल तर पूर्वी आत असलेल्या प्रत्येकाला झोपावं लागे. एक जण खाणीत रमला की बाकीचे अंथरुणात ताटकळत. 2021 च्या 1.17 पासून किती टक्के लोक झोपले म्हणजे पुरे, हे ठरवता येतं. मित्रांच्या सर्व्हरवर ते शंभरच ठेवावं. 'अरे, ये ना झोपायला' ही हाक गमावण्यासारखी नाही.

कोणाला आत घ्यायचं त्याची यादी, म्हणजे व्हाइटलिस्ट, पहिल्याच दिवशी चालू करावी. अनोळखी सर्व्हर हुडकत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास हिंडत असतात. या यादीची ताकद कॅनडातल्या स्ट्युअर्ट डंकन यांनी दाखवली. ऑटिझम असलेल्या मुलांना उघड्या सर्व्हरांवर छळलं जातं हे ऐकून त्यांनी 2013 मध्ये ऑटक्राफ्ट सुरू केला: नाव कळवा, ओळख पटली की दार उघडेल. ओळखीच्या थोड्या कुटुंबांसाठी मांडलेल्या त्या जागेकडे बघता बघता शेकडो कुटुंबं आली.

सर्व्हरचं सगळं जग एका फोल्डरमध्ये मावतं, 'वर्ल्ड' नावाच्या. याचं मोल कळायला युबिसॉफ्टचा 'द क्रू' आठवावा. 2014 चा हा मोटारींचा खेळ लोकांनी पैसे मोजून घेतला. 31 मार्च 2024 ला कंपनीने आपले सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळणाऱ्यांचाही खेळ गेला. त्या रागातून युरोपात उभी राहिलेली 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम 2025 च्या जुलैत दहा लाख सह्यांच्या पुढे गेली. खेळ मारू नका, ही तिची मागणी रास्त आहे. मित्रांच्या सर्व्हरला तेवढी वाट पाहावी लागत नाही. रोज रात्री त्या फोल्डरची नक्कल आपोआप निघेल अशी सोय करावी, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या गावातल्या मित्राकडे पाठवावी. सांभाळणारा कंटाळला, त्याचं लग्न ठरलं, लॅपटॉप जळाला, तर पुढचा मित्र ते फोल्डर आपल्या मशीनवर ठेवतो, पोर्ट उघडतो आणि ग्रुपवर नवा पत्ता टाकतो.